पाच डझनांची पेटी आणि परत न आलेलं गिऱ्हाईक

देवगड तालुक्यातलं एक बागायतदार घर. आदल्या हंगामात ४२० जणांनी या घराकडून थेट हापूस मागवला होता. पुढच्या हंगामात त्यांतले २१८ परत आले, २०२ आले नाहीत. नवी गिऱ्हाइकं मिळाली म्हणून एकूण विक्री जेमतेम तेवढीच राहिली, पण जवळपास निम्मी माणसं एका वर्षात का गळली, हे घरात कोणालाच सांगता येईना.

हे घर कुठल्या एका गावातलं नाही. थेट विक्री करणाऱ्या घरांत जे दिसतं ते जोडून, संशोधन पद्धती शिकवण्यासाठी हे प्रकरण रचलं आहे. घराचे आकडेही त्याच हेतूने घेतलेले आहेत. बाजार, फळ आणि पद्धतीबद्दलच्या गोष्टी मात्र खऱ्या आहेत.

घराची पूर्वीची रीत नेहमीचीच. आंबा उतरवायचा, पेट्या भरायच्या, वाशीच्या घाऊक बाजारात दलालाकडे पाठवायच्या आणि पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची रक्कम, येईल ती घ्यायची. २०२० च्या टाळेबंदीत बाजाराचा रस्ता अडखळला, तेव्हा कोकणातल्या पुष्कळ बागायतदारांनी पुण्या-मुंबईतली घरं थेट धरली. याही घराने तेच केलं. थेट विक्रीचं खातं थोरली सून सांभाळते. फोन, व्हॉट्सअ‍ॅप, पार्सल, हिशेब, सगळं तिच्याकडे. पाच डझनांची एक पेटी हेच माप, कारण वाशीला जाणारी पेटीही तशीच भरली जाते आणि भरणाऱ्यांचा हात त्यावरच बसलेला आहे.

घरातली तीन उत्तरं

गिऱ्हाइकं का गेली, याची घरात तीन उत्तरं तयार होती. सासरे म्हणाले, "भाव वाढलो म्हणान गिऱ्हाइकां गेली. हेच्यात सोदूचां काय आसा?" त्या वर्षी पेटीमागे ३०० रुपये खरंच वाढवले होते. धाकट्या काकांच्या मते कर्नाटकचा आंबा देवगडच्या नावाने स्वस्तात मिळतो आणि लोक त्याला फसतात. धाकटा दीर पुण्यात एमबीए करतो. त्याचं निदान असं की आपला ब्रँड नाही, इन्स्टाग्रामवर आपण नाही.

तिन्ही उत्तरं खोटी नव्हेत. कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे ते नाव त्या प्रदेशातल्या आंब्यापुरतं राखलं गेलं. नावाच्या या गैरवापराची तक्रार जुनीच आहे. पण गंमत बघा. प्रत्येकाचं उत्तर त्याच्या आवडीच्या उपायाला जोडलेलं आहे. भाव म्हणणाऱ्याला थेट विक्रीचा व्याप कमी करून वाशीकडे परतायचं आहे. कर्नाटक म्हणणाऱ्याला पेटीवर मोठं लेबल हवं आहे. ब्रँड म्हणणाऱ्याला कॅमेरा घ्यायचा आहे. धंद्यातल्या बहुतेक 'संशोधनाची' सुरुवात इथूनच होते. उपाय ठरलेला असतो आणि त्याला आधार शोधला जातो.

इथे दोन प्रश्न वेगळे करावे लागतात. घराचा प्रश्न आहे, 'पुढच्या हंगामात आपण काय करायचं?' हा निर्णयाचा प्रश्न. तो माहितीने थेट सुटत नाही, कारण त्यात पैसा, मजूर, हौस आणि भावांमधली कुरबुरही येते. संशोधनाचा प्रश्न त्याहून लहान हवा. ज्याचं उत्तर बाहेर कुठेतरी आहे आणि जाऊन बघितलं तर सापडेल, असा. सुनेने तो असा मांडला: 'जे परत आले आणि जे आले नाहीत, त्यांच्यात भावाशिवाय आणखी कशाचा फरक आहे?' वाक्य साधं आहे, पण त्यातला 'फरक' हा शब्द सगळं काम करतो. भाव तर सगळ्यांनाच वाढवला होता. सगळ्यांना सारख्याच लागू झालेल्या गोष्टीवरून काहीजण राहिले आणि काहीजण गेले, हे एकट्या भावाने समजत नाही.

आधी वही

दिराने दोन दिवसांत गूगल फॉर्म तयार केला होता. सुनेने तो थांबवला आणि ऑर्डरची वही काढली. संशोधनाच्या भाषेत ही दुय्यम माहिती, म्हणजे दुसऱ्याच कामासाठी आधीच जमा झालेली. ती फुकट असते आणि तिला प्रश्न विचारून कंटाळा आणता येत नाही. फळबाजाराच्या अभ्यासाला आपल्याकडे चांगली परंपरा आहे. पुण्याच्या गोखले संस्थेने शहरातल्या फळविक्रीच्या व्यवस्थेची पाहणी १९३३ सालीच प्रसिद्ध केली होती. पण बाजाराचा अभ्यास एका घराच्या गळतीबद्दल काही सांगणार नाही. त्यासाठी घरचीच वही हवी.

वहीत चार रकाने होते: फोन नंबर, पत्ता, तारीख, पेट्या. सुनेने पेट्यांवरून दोन गट पाडले. एकच पेटी घेणारे ३०० होते, त्यांतले १७२ परत आले नाहीत. दोन किंवा अधिक पेट्या घेणारे १२०, त्यांतले फक्त ३० गळले. म्हणजे एकीकडे ५७ टक्के गळती आणि दुसरीकडे २५ टक्के. एवढा मोठा फरक वहीत वर्षभर पडून होता.

सासऱ्यांनी लगेच उत्तर दिलं: एक पेटी घेणारा तो गरीब, त्याला भाव लागला. हे म्हणणं खोडता येत नव्हतं, आणि सुनेने ते खोडण्याचा आव आणला नाही, हे मला विशेष वाटतं. वहीने भावाचं उत्तर बाद केलं नाही. तिने फक्त प्रश्नाला दिशा दिली: एक पेटी घेणाऱ्या घरात असं काय होतं, जे चार पेट्या घेणाऱ्याकडे होत नाही?

वहीत आणखी एक भानगड होती, ती नंतर कळली. वही माणसं मोजत नव्हती, फोन नंबर मोजत होती. अभ्यासात आपण नक्की कशाची मोजदाद करतो आहोत, माणूस, घर, नंबर की ऑर्डर, हे आधी ठरवावं लागतं, नाहीतर कडेवरच्या गोष्टी आत-बाहेर होत राहतात. आपल्याच सातारा जिल्ह्यातल्या बुधचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी पिकांच्या कापणी-प्रयोगांत नेमकं हेच दाखवलं होतं. उत्पन्नाचा अंदाज घ्यायला शेतातला कापणीचा तुकडा फार लहान घेतला की उत्पन्न फुगून येतं, कारण हद्दीवरची रोपं मोजणारा नकळत आत धरतो. चूक पिकात नसते, हद्द आखण्यात असते. या वहीतली हद्द कुठे चुकली होती, ते पुढे येईल.

फॉर्म, आणि त्याला आलेली कौतुकं

दिराला वाईट वाटू नये म्हणून फॉर्मही पाठवला गेला. त्यात २२ प्रश्न होते. पहिलाच असा: 'आमच्या अस्सल, नैसर्गिकरीत्या पिकवलेल्या देवगड हापूसची चव तुम्हाला कशी वाटली?' प्रश्नाच्या पोटातच उत्तर भरलेलं. सातवा: 'दर आणि डिलिव्हरीबद्दल तुम्ही समाधानी आहात का?' दर पटला पण पार्सल उशिरा आलं, त्याने कुठे खूण करायची? शेवटचा: 'पुढच्या वर्षी आमच्याकडूनच आंबा घ्याल का?' आपला माणूस याला 'हो हो, नक्की' म्हणणार. तोंडावर नाही म्हणायची आपल्याकडे रीत नाही. पुढच्या वर्षी फोन न उचलण्याची आहे.

फॉर्म व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीतून गेला. ६१ उत्तरं आली, सरासरी पाचांपैकी ४.६. दीर खूश झाला. सुनेने ६१ नंबर वहीशी ताडून पाहिले, तर त्यांतले ५४ परत आलेल्या गिऱ्हाइकांचे होते. जे गेले त्यांच्याबद्दल विचारलं होतं आणि जे राहिले ते उत्तर देत होते.

याचं कारण नुसतं लोकांचा आळस नव्हता. व्हॉट्सअ‍ॅपचा ब्रॉडकास्ट ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच पोचतो. एकदा पेटी घेऊन विसरलेल्या माणसाने 'देवगड आंबा' म्हणून नंबर जपून ठेवलेला नसतो. म्हणजे ज्यांना विचारायचं होतं, त्यांतल्या पुष्कळांपर्यंत प्रश्न पोचलाच नाही. नमुना निवडण्याआधी ज्या यादीतून तो निवडायचा ती नमुना-चौकट तपासायची असते, ती याचसाठी.

हे जगात फार मोठ्या प्रमाणावरही झालेलं आहे. १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत एका नामांकित साप्ताहिकाने सुमारे १ कोटी पत्रं पाठवली. वीस लाखांहून जास्त परत आली आणि साप्ताहिकाने रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकणार असं जाहीर केलं. त्यांचे प्रतिस्पर्धी रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. पत्त्यांच्या याद्या बऱ्याचशा टेलिफोन आणि मोटारगाड्यांच्या नोंदींवरून घेतलेल्या होत्या, म्हणजे मंदीच्या काळातल्या सुखवस्तू लोकांच्या. त्यात उत्तर देणारे आणि न देणारे यांचं मतही सारखं नव्हतं. त्याच निवडणुकीत जनमत चाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी लहान, पण विचाराने निवडलेल्या नमुन्यावरून निकाल बरोबर सांगितला. वीस लाख उत्तरांनी जे साधलं नाही, ते ६१ उत्तरांनी साधणार नव्हतंच. पण '४.६' हा आकडा दिराने घरच्या फळ्यावर लिहून ठेवला होता आणि तो बरेच दिवस कोणी पुसला नाही. चुकीच्या माणसांकडून आलेला चांगला आकडा पुसायला हिंमत लागते.

जे गेले त्यांच्याशी

आता गळलेल्या २०२ नंबरांतून २४ निवडायचे होते. मुंबई आणि पुण्याचे नंबर वेगळे केले आणि प्रत्येकातून चिठ्ठ्या टाकून १२ काढले. ओळखीचे, गोड बोलणारे, गाववाले असे वेचून घेतले नाहीत. फॉर्म नाही, फोन. आणि प्रश्न एकच, तोही प्रश्नासारखा नाही: 'शेवटची पेटी घरी आली, तिथून पुढे काय काय झालं ते सांगाल?'

हा प्रश्न चांगला का, यावर थोडं थांबायला हवं. 'का नाही मागवलात?' असं विचारलं की माणूस कारण तयार करतो, आणि आपल्याकडे सगळ्यात सभ्य कारण 'यंदा महाग होता हो' हेच असतं. त्यात कोणाचा अपमान होत नाही. घडलेलं सांगायला लावलं की माणूस आठवायला लागतो, आणि आठवणीत कारणापेक्षा जास्त काही येतं. गुणात्मक मुलाखतीचं सगळं कसब या एका वळणात आहे.

पुण्यातल्या एका बाईंनी सांगितलं, "पेटी आली तेव्हा सगळे हिरवे. चार दिवस कोणी हात लावला नाही. पाचव्या दिवशी घरभर वास, आणि सहाव्या-सातव्या दिवशी साठच्या साठ तयार. आम्ही दोघं. यांना शुगर." मग त्यांनी आमरस काढून फ्रिजमध्ये भरला, शेजारी वाटला, कामवाल्या ताईंना दिला, तरी आठ-दहा आंबे टाकावे लागले. तक्रार आंब्याची नव्हती. "आंबा छानच होता हो," हे त्यांनी तीनदा सांगितलं. फॉर्म आला असता तर त्यांनी चवीला पाचपैकी पाच दिले असते.

हीच गोष्ट वेगवेगळ्या तपशिलांत पुन्हा पुन्हा आली. आढी, म्हणजे पेंढ्यात आंबे पिकत घालणं, कशी लावायची हे माहीत नाही, पेंढा कुठून आणणार, पेटी बाल्कनीत उन्हात राहिली. मुलं परदेशात. सुट्टीत गावी गेलो आणि परत आलो तर सगळे काळे पडलेले. दोघांनी साका, म्हणजे गराचा पांढरट, स्पंजासारखा बिघडलेला भाग, निघाल्याचं सांगितलं. साका बाहेरून दिसत नाही, फळ कापल्यावरच कळतो, त्यामुळे त्यावर पार्सल भरताना करण्यासारखं थोडंच. भावाचा उल्लेख सातजणांनी केला, पण त्यांतल्या बहुतेकांच्या बोलण्यात तो 'एवढे पैसे देऊन वाया गेले' असा आला. भाव आणि वाया जाणं ही दोन वेगळी कारणं नव्हती तर.

आणि २४ पैकी पाचजण गेलेच नव्हते. सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरच्या काकू दोन पेट्या मागवतात आणि पाच घरं वाटून घेतात, त्यांतलं एक घर यांचं. नंबर वहीतून गेला होता, आंबा त्याच घरात जात होता. वहीची हद्द इथे चुकली होती. दोन-दोन पेट्या घेणारे टिकून का होते, तेही उलगडलं. ते श्रीमंत होते म्हणून नव्हे, निदान तेवढ्यासाठीच नव्हे. ते वाटून घेत होते. ग्राहकांनी पेटीच्या मापावरचा उपाय स्वतःच शोधून काढला होता आणि घराला त्याचा पत्ता नव्हता.

विसाव्या फोनच्या सुमारास नवं काही ऐकू येईना. अशा वेळी थांबावं, असं संशोधक मानतात, आणि सुनेला ठरलेल्या चोवीसावर थांबायचंच होतं, कारण मोहोर फुटायला लागला होता आणि फवारणीची माणसं दारात उभी होती.

प्रयोग

चोवीस फोनांतून गृहीतक मिळालं, पुरावा नाही. गृहीतक असं: पाच डझन फळ एकाच वेळी पिकतं म्हणून लहान घर परत येत नाही. लहान, टप्प्याटप्प्याने पिकणारा खोका दिला तर गळलेल्यांपैकी जास्त लोक परत येतील.

'जास्त' कशापेक्षा? याचं उत्तर द्यायला तुलना हवी. गळलेल्या २०२ पैकी ज्यांच्याशी बोलणं झालं होतं ते २४ वगळले, कारण त्यांना कोणीतरी आपुलकीने फोन केला होता आणि तेवढ्यानेही माणूस परत येऊ शकतो. ११ नंबर बंद होते. सातजणांनी 'पुन्हा मेसेज नको' असं पूर्वीच कळवलं होतं, त्यांना हात लावला नाही. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या कायद्यानंतर नंबरांची वही ही आता नुसती वही राहिलेली नाही, आणि कायदा नसता तरी नको म्हणणाऱ्याला छळू नये. उरले १६०.

सासऱ्यांचं म्हणणं, त्यांतली चांगली गिऱ्हाइकं निवडून त्यांना लहान खोका पाठवावा. इथे सून अडून बसली. चांगली वेचून घेतली तर ती चांगली म्हणून परत येतील, खोक्यामुळे आली की काय ते कळणार नाही. एक्सेलमध्ये यादृच्छिक आकडे टाकून १६० चे दोन गट पाडले, ८०-८० चे. एकाच सोसायटीतले नंबर एकाच गटात ठेवले, नाहीतर लिफ्टमध्येच दोन्ही मेसेजांची तुलना झाली असती. पहिल्या गटाला नेहमीच्या पाच डझनी पेटीचा मेसेज. दुसऱ्याला दोन डझनांच्या खोक्याचा: एक डझन दोन-तीन दिवसांत तयार होणारे, एक डझन कच्चे, मध्ये पुठ्ठा. डझनाचा भाव दोन्हीकडे तोच. सगळे मेसेज एकाच संध्याकाळी, एकेकाला स्वतंत्र, ब्रॉडकास्ट नाही. अक्षय्य तृतीया उलटून गेल्यावर, कारण त्या आठवड्यात कोणालाही कसलाही आंबा विकता येतो आणि फरक झाकला जातो. दोन गटांचे मेसेज वेगवेगळ्या आठवड्यांत पाठवले असते तरी घोळ झाला असता. मे महिन्यात आवक वाढते, भाव उतरतो, आणि मग खोक्याचा परिणाम कुठला आणि उतरत्या भावाचा कुठला, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

काय मोजायचं तेही आधी लिहून ठेवलं: हंगाम संपेपर्यंत त्या नंबरावरून ऑर्डर आली की नाही. याशिवाय किती डझन गेले. नंतर आकडे बघून सोयीचं माप निवडायचं नाही.

मध्येच एक पेच आला. पेटीच्या गटातल्या काहींनी उलट विचारलं, "लहान बॉक्स नाही का?" सुनेने त्यांना पुढच्या आठवड्यात देते म्हणून सांगितलं आणि ती मागणी वेगळी नोंदवली, प्रयोगात धरली नाही. सासरे चिडले. "दारात इलेलां गिऱ्हाईक परत धाडतंस?" धंदेवाल्याच्या नजरेने ते अगदी बरोबर होते. प्रयोग म्हणजे काही काळ धंद्याला उलटं वागायला लावणं, आणि ते किती काळ परवडतं हे आधी ठरवलं नाही तर घरात प्रयोग टिकत नाही.

आकडे

पेटीच्या गटातले ८० पैकी ९ परत आले. खोक्याच्या गटातले ८० पैकी २१. म्हणजे ११ टक्के आणि २६ टक्के, फरक १५ टक्के-बिंदूंचा.

थोड्या नमुन्यावरून किती ठामपणे बोलावं, हा प्रश्नही धंद्यातूनच शास्त्रात आला. डब्लिनच्या गिनेस बिअर कारखान्यात काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी लहान नमुन्यांवरचं आपलं गणित १९०८ साली 'स्टुडंट' या टोपणनावाने छापलं, आणि आज वर्गात शिकवली जाणारी, सरासऱ्यांतला फरक तपासणारी टी-चाचणी त्यातून निघाली. आपल्या प्रकरणात सरासऱ्या नाहीत, प्रमाणं आहेत, म्हणून चाचणी वेगळी लागते, पण चिंता तीच. हिशेब केला तर असं येतं: दोन मेसेजांत खरं तर काहीच फरक नसता, तर निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता शंभरात दीडच्या आसपास आहे. आणि खरा फरक किती असावा, याची ९५ टक्क्यांची विश्वासमर्यादा साधारण ३ ते २७ टक्के-बिंदूंची. सोसायट्या एकत्र ठेवल्यामुळे ती प्रत्यक्षात थोडी आणखी रुंद धरावी. दिराने यांतला पहिलाच आकडा फळ्यावर लिहिला. मी दुसरा लिहिला असता. फायदा आहे एवढं कळलं, पण तो नावापुरता आहे की मोठा, हे १६० माणसांनी अजून सांगितलेलं नाही.

इथपर्यंत संशोधनाचा प्रश्न सुटत आला. मग सुनेने घराचा प्रश्न काढला आणि वहीच्या मागच्या पानावर पैशांचा हिशेब मांडला. पाच डझनी पेटी थेट विकली की वाशीच्या पट्टीपेक्षा डझनामागे २०० रुपये जास्त सुटतात. दोन डझनी खोक्याला पुठ्ठा, भरणावळ आणि पार्सल डझनामागे ४० रुपयांनी महाग पडतं, म्हणजे सुटतात १६०. पेटीच्या गटातल्या नऊजणांपैकी एकाने दुसरी पेटी मागवली, एकूण ५० डझन: १०,००० रुपये. खोक्याच्या गटात २१ पहिले खोके आणि नंतर पुन्हा मागवलेले ११, असे ३२ खोके, ६४ डझन: १०,२४० रुपये.

फरक २४० रुपयांचा. माणसं दुपटीहून जास्त आणि पैसे जवळपास तेवढेच. एवढी धावपळ कशाला केली, असं काकांनी विचारलं तर त्यांना नावं ठेवता येत नाहीत. दीर म्हणाला की २१ माणसं पुढच्या वर्षीही येतील, नऊंपेक्षा ते बरं. असेल. पण पुढच्या वर्षी येतील की नाही हे याच अभ्यासात अजून मोजायचं आहे, आणि ते आत्ताच हिशेबात धरणं म्हणजे पुन्हा उत्तर आधी ठरवणं झालं.

पुन्हा मागवलेल्या ११ खोक्यांवरूनही फार उड्या मारता येत नाहीत. दोन डझन लवकर संपतात, त्यामुळे दुसरी ऑर्डर येणं साहजिकच आहे. तरी एक गोष्ट त्यातून निघते. पहिली ऑर्डर मेसेजमधल्या आश्वासनावर आली, फळ तर अजून कोणी पाहिलंच नव्हतं. दुसरी ऑर्डर फळ खाल्ल्यावरची आहे.

दोन गोष्टी एकदम बदलल्या

प्रयोगातली खरी उणीव वेगळीच आहे. खोक्यात दोन गोष्टी एकाच वेळी बदलल्या गेल्या: माप लहान झालं आणि पिकण्याचे टप्पे पडले. लोक कशाला भुलले? नुसतं माप लहान केल्याने काम झालं असेल, तर डझनामागचे ४० रुपये सोसावेच लागतील. टप्प्यांमुळे झालं असेल, तर जुन्याच पाच डझनी पेटीत थर लावून, वर तयार आणि खाली कच्चे, तेच साधता येईल आणि डझनामागचे २०० कायम राहतील. चार प्रकार शक्य होते: मोठी पेटी एकसारखी, मोठी पेटी थरांची, लहान खोका एकसारखा, लहान खोका टप्प्यांचा. तपासले गेले पहिला आणि चौथा. घराला सगळ्यात फायद्याचा ठरू शकेल असा दुसरा प्रकार कोणी करूनच पाहिला नाही.

दिराने लगेच पुढच्या हंगामासाठी चार गटांचा आराखडा काढला. तो चुकीचा नाही. चार गट केले तरी मापाचा परिणाम बघताना दोन-दोन गट एकत्र करता येतात, टप्प्यांचा बघतानाही, त्यामुळे माणसं वाया जात नाहीत. पण सासरे हसले आणि म्हणाले, "पिकलेलो आंबो कच्च्याकय पिकवता." बागायतदाराला हे हातानेच माहीत असतं. पिकणाऱ्या फळातून एथिलीन वायू बाहेर पडतो आणि जवळच्या कच्च्या फळाला पिकायला लावतो. बंद पेटीत वर तयार आणि खाली कच्चे ठेवले तर दोन-तीन दिवसांत सगळे एका पंक्तीला येण्याची शक्यता मोठी.

मग लहान खोक्यातल्या पुठ्ठ्याने तरी टप्पे खरंच पडले का? खोक्यात चिठ्ठी ठेवली होती: पहिला आंबा कोणत्या दिवशी कापलात, शेवटचा कोणत्या दिवशी, एवढं कळवा. परत आलेल्या चिठ्ठ्या पाच. त्यांवरून काही म्हणता येत नाही. टप्पे पडलेच नसतील, तर लोकांना आवडलं ते फक्त लहान माप, आणि थरांच्या पेटीचा विचार तिथेच संपतो.

हे शोधायला गिऱ्हाइकांची गरज नाही. चार गटांचा आराखडा बाजूला ठेवून ठरलं ते असं: पुढच्या हंगामाच्या पहिल्या उतरणीला घरातच सहा पेट्या भरायच्या, तीन एकसारख्या आणि तीन थरांच्या, आणि दोन खोके मध्ये पुठ्ठा घालून. ओटीवर ठेवायच्या, पुण्याच्या बंद फ्लॅटएवढी हवा लागेल अशा कोपऱ्यात, आणि रोज सकाळी किती आंबे तयार झाले ते मोजायचं. मोजणी सासऱ्यांनीच करायची, कारण आंबा 'तयार' कधी म्हणायचा यावर घरात त्यांच्याइतका भरवशाचा हात कोणाचा नाही. मात्र कुठली पेटी कशी भरली आहे हे त्यांना सांगायचं नाही, अशी सुनेची अट आहे. ती त्यांनी अजून मान्य केलेली नाही.